रात्री पावणेअकराचा ‘नोटेड’

प्रश्न एका ताईंचा आहे. वय ३७, नाशिकच्या अंबडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम सांभाळतात, राहायला सिडकोत. ड्युटी सकाळी ९ ते संध्याकाळी ६. कामाचे पाच व्हॉट्सॲप ग्रुप आहेत आणि ते रात्री साडेअकरापर्यंत वाजत असतात. सात-आठ महिने झाले, झोप लागत नाही, लागली तर तीनला जाग येते. मुलीवर विनाकारण ओरडणं होतं. सगळ्यात जास्त त्यांना हे टोचतंय, की घरातलं सगळं आवरल्यावर त्या स्वतःच एक-दीडपर्यंत रील्स बघत बसतात. घरचे म्हणतात, तुला मोबाइलचं व्यसन लागलंय. त्यांनी विचारलंय: हे खरंच व्यसन आहे का? डिजिटल डिटॉक्स, म्हणजे काही दिवस फोन पूर्ण बंद, करू का? की नोकरीच सोडू?

ताई, मी डॉक्टर आहे आणि माझं काम कारखान्यांतलं. एमबीबीएसनंतर एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा कोर्स केला आणि गेली २२ वर्षं सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या दवाखान्यांत बसते आहे. सुरुवातीला माझ्यासमोर शॉप फ्लोअरवरची माणसं यायची. प्रेसखाली सापडलेलं बोट, ग्राइंडिंग करताना डोळ्यात गेलेला कण, वेल्डिंगने लाल झालेले डोळे. आता त्यांच्या बरोबरीने ऑफिसच्या बाजूची माणसं येतात. स्टोअर, प्लॅनिंग, क्वालिटी, डिस्पॅच. जखम कुठेच दिसत नाही. ॲसिडिटी, छातीत धडधड, आखडलेली मान, आणि झोप नाही. म्हणजे तुमच्यासारखीच.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यानेच तुम्ही जास्त खचलेल्या दिसता. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हे व्यसन वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी वर्गवारी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेम खेळण्याचा विकार आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटलेला, खेळापुढे बाकी सगळं मागे पडलेलं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि साधारण १२ महिने हे चाललेलं. ‘मोबाइलचं व्यसन’ नावाचा आजार त्या यादीत नाही. त्याच यादीत ‘बर्नआउट’ आहे, आणि तिथे तो आजार म्हणून धरलेलाच नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवलाय. लक्षणं तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटत राहणं. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याची नीट सोडवणूक झाली नाही, की हे होतं, असं तिथे लिहिलंय. ताई, यात कामाच्या ठिकाणाचा उल्लेख आहे. तुमच्या स्वभावाचा नाही, इच्छाशक्तीचा नाही. घरच्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

आता हे होतं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण ते कळल्याशिवाय उपाय चुकीच्या जागी होतो.

माझ्याकडे सीएनसीवरचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचे, ऑपरेटर येतात. काम अंगमेहनतीचं, आवाज, तेलाचा वास, नाईट शिफ्ट. तरीही त्यांच्यातले बरेच जण घरी गेले की गाढ झोपतात. भोंगा झाला, मशीन पुढच्या शिफ्टच्या माणसाच्या ताब्यात दिलं, थंब मारला, संपलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट मजुरी लावली, ती गेटच्या आतले तास मोजून. मेसेजला गेट नाही. तुम्ही सहाला थंब मारता आणि काम तुमच्याबरोबर पर्समधून घरी येतं. तुमचा भोंगा होतच नाही.

रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती मी रोज वापरते. नुसत्या जास्त कामाने माणूस मोडत नाही. मागणी जास्त आणि ते काम केव्हा, कसं करायचं यावर हातात ताबा कमी, या जोडीने मोडतो. त्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं, पण तुमच्या रात्रीचं वर्णन यात तंतोतंत बसतं. किती मेसेज आले यापेक्षा, पुढचा कधी येईल ते तुमच्या हातात नाही, यात त्रास आहे. शरीर त्या वाट बघण्यातच राबत असतं.

हे मी एकदा डोळ्यांसमोर बघितलं. प्लॅनिंगमधल्या एका मुलाचं बीपी घेत होते. पट्टा दंडाला, फोन टेबलावर पालथा. पारा खाली येत होता, ठोके ऐकू यायला लागले आणि फोन थरथरला. त्याने हात लावला नाही, मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पण दंडाचा स्नायू माझ्या बोटांखाली ताठ झाला आणि श्वास अर्ध्यावर थांबला. मी ते रीडिंग टाकून दिलं. फोन बाहेर सिस्टरकडे दिला, त्याला पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं आणि परत घेतलं. वरचा आकडा चांगलाच उतरला होता. नंतर बघितलं तर मेसेज कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा होता. केक आहे की कस्टमरची तक्रार, हे थरथर झाली त्या क्षणी शरीराला माहीत नसतं. ते दर वेळी तयारीत उभं राहतं. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा असं पन्नास वेळा उभं राहिलेलं शरीर बाराला दिवा मालवला म्हणून झोपणार नाही.

आणि रील्स. ताई, तुमच्या दिवसात तो रात्रीचा एकच तास असा आहे ज्यात तुमच्याकडे कुणी काही मागत नाही. ऑफिस मागतं, घर मागतं, मुलगी मागते, ग्रुप मागतो. बारानंतर सगळे गप्प होतात आणि मग तुम्ही स्वतःसाठी थोडा वेळ काढून घेता, झोपेतून उसना. तो वेळ तुम्हाला लागतोच, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. फक्त तो रात्री एकला घ्यावा लागतोय, हे बदलायला हवं. संध्याकाळी साडेसात-आठला तासभर खरोखर तुमचा मिळाला, तर मध्यरात्रीची ती ओढ आपोआप सैल पडते. मी हे बऱ्याच बायकांच्या बाबतीत बघितलंय. उलट बाजूने, म्हणजे रील्स जबरदस्तीने बंद करून सुरुवात केली, तर चार दिवसांत गाडी मूळपदावर येते.

म्हणूनच डिजिटल डिटॉक्सबद्दल मी फारशी उत्साही नाही. आपल्याकडे इगतपुरीला विपश्यनेचं केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीलाच फोन जमा होतो. माझे काही पेशंट जाऊन आले, चेहरे उजळून आले, आणि त्या साधनेबद्दल मला आदर आहे. पण ती साधना तुमचा डिस्पॅचचा ग्रुप सुधारण्यासाठी नाहीच. अकराव्या दिवशी फोन सुरू केला की तोच ग्रुप, तेच साहेब, तीच वेळ. रविवारी फोन कपाटात ठेवणाऱ्यांचंही तसंच होतं; सोमवारी सकाळी दीडशे मेसेज समोर येतात आणि रविवार महाग पडल्यासारखा वाटतो. एकट्याने नियम पाळायचा आणि बाकी सगळ्यांनी तसंच चालू ठेवायचं, तर पाळणाराच अडचणीत येतो.

नियम सगळ्यांनी मिळून केला की तो टिकतो. नाशिककरांना याचं उदाहरण दूर शोधायला नको. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या पासधारकांनी एक डबा ‘आदर्श कोच’ म्हणून चालवून दाखवला. मोबाइल सायलेंटवर, मोठ्याने बोलणं नाही, दुसऱ्याच्या झोपेला धक्का नाही. प्रवाशांनी आपसांत ठरवलं आणि नव्याने चढणाऱ्यालाही समजावून सांगितलं. पहाटे उठून गाडी पकडणाऱ्या माणसाला तो तास-दोन तासांचा शांतपणा काय मोलाचा असतो, ते पासधारकांना विचारा. तुमच्या डिपार्टमेंटला अशाच डब्याची गरज आहे.

तो कसा करायचा, ते आता सांगते. सुरुवात एका वहीने करा. तीन रात्री, फक्त तीन. सातनंतर कामाचा जो मेसेज येईल त्याची वेळ, कुणाचा, कशाबद्दल, आणि शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट: त्याच रात्री हातपाय हलवावे लागले का? हो किंवा नाही.

दुसऱ्या एका कंपनीतल्या डिस्पॅच सुपरवायझरने माझ्या सांगण्यावरून अशी वही केली होती. त्यातलं एक पान मला अजून आठवतं. ७.५०, गाडी गेटमधून निघाल्याचा फोटो. ७.५२ ते ८.१०, ‘नोटेड’, ‘ओके सर’, अंगठा, अंगठा, ‘नोटेड’. ८.४०, उद्याच्या शेड्यूलची एक्सेल. ९.२५, साहेब: ‘कस्टमरने क्वांटिटी वाढवलीय, सकाळी बोलू.’ १०.०५, एचआरकडून सेफ्टी वीकच्या घोषणा स्पर्धेचा निकाल. १०.४५, ९.२५ च्या मेसेजला एकाचा ‘नोटेड’. ११.१०, गुड नाईट आणि गुलाबाचं फूल. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत ‘नाही’.

तीन रात्रींच्या सगळ्या पानांत ‘हो’ एकदाच होता. चाकणला निघालेली गाडी चंदनापुरी घाटात बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला, आणि ई-वे बिलाच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याच्या, भाग ‘ब’मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय ती पुढे नेता येईना. हे खरं रात्रीचं काम. थांबून चालणार नव्हतं, सकाळी कस्टमरची उत्पादनाची लाइन बंद पडली असती. पण गंमत नाही, गंभीरपणे सांगते: त्यासाठी ग्रुपवर मेसेज आलाच नव्हता. ड्रायव्हरने सरळ फोन केला होता. ज्याला खरंच अडतं तो फोन करतो. मग बाकीचे सगळे मेसेज त्या माणसाला रात्री साडेअकरापर्यंत कशासाठी जागं ठेवत होते?

मला विचाराल तर त्यातला सगळ्यात वाईट मेसेज ‘नोटेड’. त्यात माहिती शून्य. ती हजेरी आहे. साहेबांनी काही टाकलं, दोघांनी ‘नोटेड’ लिहिलं, की तिसऱ्याला वाटतं आपण नाही लिहिलं तर आपण बघितलं नाही असं होईल. मग तो जेवता जेवता डाव्या हाताने लिहितो. त्याचं बघून चौथा. पावणेअकराला ‘नोटेड’ लिहिणारा माणूस बिचारा झोपेतून उठून हजेरी लावतोय, आणि त्याचा तो एक शब्द बाकी अकरा जणांचे फोन थरथरवतोय.

ही वही घेऊन साहेबांकडे जा. एकट्या जाऊ नका, स्टोअरमधलं किंवा क्वालिटीतलं कुणीतरी बरोबर घ्या. आणि सुरुवात ‘मला झोप लागत नाही’ इथून करू नका. तुमच्या झोपेची किंमत कमी आहे म्हणून नाही. त्या खुर्चीवरचा माणूस ते ऐकून ‘सुट्टी घे दोन दिवस’ म्हणेल आणि विषय संपेल, म्हणून. सुरुवात कामापासून करा. ‘सर, ग्रुपवर इतकं येतं की महत्त्वाचं बुडतं. गेल्या महिन्यात अमक्या पार्टची क्वांटिटी वाढल्याचा मेसेज दहा ‘नोटेड’खाली गेला आणि गाडी कमी माल घेऊन गेली.’ असा एक तरी प्रसंग तुमच्याकडे असणार. प्रीमियम फ्रेटचा, म्हणजे घाईच्या महागड्या वाहतुकीचा खर्च, चुकीचं चलन, परत आलेली गाडी, हे प्लांट हेडला कळतं. शिवाय एक माणूस म्हणून त्यांच्याकडेही बघा. रात्री सव्वानऊला मेसेज टाकणाऱ्या साहेबांना बहुतेक वेळा नऊला त्यांच्या वरच्यांचा आलेला असतो. विसरू नये म्हणून ते लगेच पुढे ढकलतात. त्यांना सांगता येतं, की सर, स्वतःच्या नोट्समध्ये लिहून ठेवा आणि सकाळी साडेआठला टाका. मेलवर तर वेळ लावून पाठवायची सोयच आहे.

त्या सुपरवायझरच्या डिपार्टमेंटने जे ठरवलं ते साधं होतं. रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही. गाडी बंद पडली, अपघात झाला, कस्टमरची लाइन थांबणार असेल, तर फोन करायचा, आणि तो कुणाला करायचा ते आठवड्याच्या पाळीने ठरलेलं, म्हणजे पाचातले चार जण निर्धास्त. पाळी असलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा. आणि ‘नोटेड’ बंद. ज्याला अडचण आहे त्यानेच बोलायचं. हे कागदावर छापून नोटीस बोर्डावर लावलं होतं, कारण तोंडी ठरलेलं आठवड्यात विरतं. पहिल्याच आठवड्यात खुद्द साहेबांनी दोनदा मोडलं. कुणी काही बोललं नाही, फक्त कुणी उत्तरही दिलं नाही, सकाळी दिलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बसलं. पुढे रात्रीचे फोन महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आणि डिस्पॅच एकदाही अडलं नाही.

कायद्याचा आधार आहे का, असं मला बरेच जण विचारतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क दिला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. तोवर आपसांतल्या ठरावावरच भिस्त, आणि अनुभवाने सांगते, नीट केलेला ठराव चालतो.

तुमच्या कंपनीत हे होणारच नाही, साहेब ऐकणारच नाहीत, असंही असू शकतं. तरी फोनमध्ये एवढं आजच करा. पाचही ग्रुप ‘म्यूट’ करा, ‘कायम’ हा पर्याय निवडून. म्यूट ग्रुपमध्येही कुणी तुमचं नाव घालून थेट तुम्हाला उद्देशून लिहिलं तर ते वाजतं, त्यामुळे गरजेचं सुटत नाही. सहकाऱ्यांना सांगून ठेवा, अडलं तर फोन करा, मी उचलेन. मग रात्री साडेनऊला फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा, ‘डू नॉट डिस्टर्ब’वर, पण साहेब, ड्रायव्हर ठेकेदार आणि घरची माणसं यांचे कॉल येऊ देण्याची सूट ठेवून. एकाच नंबरवरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू द्यायचा, अशीही सोय त्यात असते. रिंगचा आवाज मोठा ठेवा. गजरासाठी घड्याळ आणा, मेनरोडवर दीड-दोनशे रुपयांत मिळतं. हे सगळं अशासाठी, की तुमच्या मनातली ‘काही अर्जंट आलं तर?’ ही भीती खरी आहे आणि ती दाबून जात नाही. घंटी वाजली तर ऐकू येईल, हे चार रात्री अनुभवलं की शरीर स्वतःच सुटं होतं. बेडरूममध्ये पालथा ठेवलेला सायलेंट फोन मात्र चालणार नाही; तो दिसत राहतो आणि हात जात राहतो.

निळ्या प्रकाशाचे चष्मे वगैरेंवर पैसे घालवू नका. रात्रीच्या प्रकाशाने झोप थोडी पुढे सरकते हे खरं, पण ऑडिटचा मेसेज पिवळ्या स्क्रीनवर वाचला तरी झोप उडतेच. डोळे चुरचुरत असतील तर ते पापण्या कमी मिटल्या जातात म्हणून. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं, पंखा तोंडावर नको. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद. एवढं पुरे.

याहून महत्त्वाचं, तुमची तपासणी करून घ्या. मी मुद्दाम सांगते आहे, कारण फोनवर खापर फोडण्याच्या नादात साध्या गोष्टी सुटलेल्या मी बघितल्यात. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, साखर, बीपी. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं आणि थायरॉइड बिघडणं इतकं सर्रास आहे, की थकवा, चिडचिड, धडधड असली की हे आधी बघावंच लागतं. घोरणं असेल आणि सकाळी डोकं दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि सलग दोन आठवडे मन उदास, कशातच रस नाही, जेवण जात नाही, जगणं नको असा विचार आला, तर माझं हे लांबलचक उत्तर बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मग मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी तालुक्यांकडे आरोग्य शिबिराला गेले की मला अंगणवाडी सेविका भेटतात. बालकाचं वजन घेतलं, आहार दिला, की ते ॲपमध्ये भरायचं. रेंज नसेल तर ती मिळेल तिथे टेकडीवर जाऊन. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोनची क्षमता कमी आणि ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. त्यांनाही कुणी म्हणालं असेल, की बायकांना तंत्रज्ञान जमत नाही. पोरांच्या वजनाचा हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या बायका त्या. साधन त्यांच्या कामाला विचारून बनवलं नाही, तर साधनाचा ताण होणारच. तुमचं आणि त्यांचं दुखणं मला एकाच जातीचं वाटतं, म्हणून सांगितलं. आणि हेच तंत्रज्ञान नीट वापरलं तर उपकारही करतं. तुमच्याच कंपनीत शिफ्टचं वेळापत्रक आधी फोनवर कळतं म्हणून किती जणांच्या घरची फरफट वाचते. मी फोनच्या विरोधात नाही.

मुलीबद्दल. तिच्याशी एकदा सरळ बोला. ‘मी तुझ्यावर ओरडते ते तुझ्यामुळे नाही, माझी झोप होत नाही आणि मी ती नीट करते आहे’, एवढं सांगा. शाळेतल्या मुलीला ते पूर्ण कळतं. हॉलमधल्या चार्जिंगच्या जागी तिच्या बाबांचाही फोन ठेवायला लावा, नाहीतर हा नियम फक्त आईसाठी आहे असं ती शिकेल.

राहिला नोकरीचा प्रश्न. आत्ता सोडू नका. सात-आठ महिने झोपेला मुकलेल्या माणसाला सगळी दारं बंदच दिसतात. अशा वेळी घेतलेल्या राजीनाम्याच्या निर्णयावर नंतर माझ्यासमोर बसून रडलेली माणसं आहेत. वही या सोमवारपासून सुरू करा, गुरुवारी साहेबांकडे जा. रक्ताचे रिपोर्ट त्याच आठवड्यात होतील. त्यानंतर सहा आठवडे द्या. झोप परत आली आणि तरीही रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येत असेल, किंवा वही दाखवल्यावर तुम्हालाच ‘तुझं कामात लक्ष नाही’ असं ऐकवलं गेलं असेल, तर मग दुसरीकडे बघा. तुमच्यासारखं ई-वे बिल, चलन आणि ट्रान्सपोर्टवाले सांभाळणारं माणूस अंबड-सातपूर-सिन्नरला लागतं. मुलाखतीला जाल तिथे पगाराच्या आधी एक प्रश्न विचारा: रात्री गाडी अडली तर फोन कुणाला जातो? ज्यांच्याकडे त्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असेल, तिथली नोकरी बघा.